कापोसी सार्कोमा : त्वचेवरचे जांभळे डाग आणि एचआयव्हीने ढासळलेली प्रतिकारशक्ती

डॉ_मृणाल | सोमवार, रात्री ९:१०

"एचआयव्ही झाला की कॅन्सरही होतो का?" असं मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं. हो किंवा नाही एवढ्यावर ते भागणारं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. ज्या कॅन्सरबद्दल लिहितेय तो आपल्याकडे क्वचित दिसतो, आणि लिहायचं कारणही तेच. जो आजार डॉक्टरच्याही मनात पटकन येत नाही, त्याचा रुग्ण महिनोन् महिने नुसती मलमं लावत राहतो.

नाव आहे कापोसी सार्कोमा. १८७२ साली व्हिएन्नात मॉरिट्झ कापोसी यांनी पाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सगळे वयस्क पुरुष, पायांवर जांभळट-तपकिरी डाग आणि गाठी. पुढची शंभर वर्षं पाश्चात्त्य डॉक्टरांच्या लेखी हा भूमध्य समुद्राच्या आसपासच्या आणि पूर्व युरोपातल्या ज्यू समाजातल्या म्हाताऱ्या माणसांचा आजार होता. हळू वाढणारा. बहुतेक वेळा माणूस वयोमानाने किंवा दुसऱ्याच कशाने तरी जायचा. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत मात्र तो तरुणांमध्येही दिसायचा. लहान मुलांमध्ये तर लसिकाग्रंथींत पसरून वेगाने जीव घ्यायचा.

३ जुलै १९८१ ला अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या साप्ताहिक अहवालात २६ समलैंगिक पुरुषांची नोंद आली. २० न्यूयॉर्कचे, ६ कॅलिफोर्नियाचे. वयं २६ ते ५१. निदानानंतर दोन वर्षांच्या आत त्यातले आठ दगावले होते. म्हाताऱ्यांचा, सावकाश चालणारा आजार तरुणांना झाला होता आणि झपाट्याने मारत होता. महिनाभर आधी, ५ जूनला, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद याच अहवालात आली होती. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती : या माणसांची प्रतिकारशक्ती कोसळली होती. ती कशाने कोसळली हे कळायला १९८३ उजाडलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाला तो विषाणू सापडला, ज्याला आपण आज एचआयव्ही म्हणतो.

आता मुख्य मुद्दा. एचआयव्ही हा कॅन्सर थेट करत नाही. हे कसं उमगलं ती हकिकत मला फार महत्त्वाची वाटते.

१९९० साली व्हॅलेरी बेराल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एड्सच्या रुग्णांची आकडेवारी तपासली. त्यांच्यात कापोसी सर्वसामान्य लोकांपेक्षा किमान २०,००० पट जास्त होता. इतर कारणांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या लोकांशी तुलना केली तरी ३०० पट. पण मेख पुढेच होती. रक्तघटकांमधून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांमध्ये कापोसी जेमतेम १ टक्का, आणि समलैंगिक पुरुषांमध्ये २१ टक्के. एचआयव्ही दोघांनाही, एड्स दोघांनाही. मग एवढा फरक कशाने? म्हणजे एचआयव्हीखेरीज आणखी एक संसर्ग असणार, जो शरीरसंबंधांतून पसरतो पण रक्तघटकांतून फारसा येत नाही.

तो सापडला १९९४ मध्ये. कोलंबिया विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याने गाठीतला डीएनए आणि त्याच रुग्णाच्या निरोगी भागातला डीएनए ताडून पाहिला, आणि गाठीत जास्तीचे निघालेले तुकडे बाजूला काढले. ते तुकडे माणसाचे नव्हतेच. कांजिण्या-नागिणीचा विषाणू ज्या हर्पिस कुळातला, त्याच कुळातल्या एका नव्या विषाणूचे होते. त्याला एचएचव्ही-८ म्हणतात.

हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत शिरून बसतो. त्याचं 'लाना' नावाचं प्रथिन विषाणूच्या डीएनएला पेशीच्या गुणसूत्राशी बांधून ठेवतं, आणि पेशीची बेबंद वाढ रोखणाऱ्या पी५३ सारख्या प्रथिनांना निष्प्रभ करतं. धडधाकट माणसात टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी, अशा पेशी हुडकून मारत राहतात, त्यामुळे एचएचव्ही-८ अंगात असूनही बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. एचआयव्ही नेमक्या सीडी४ टी-पेशीच संपवतो. शिवाय त्याचं 'टॅट' नावाचं प्रथिन या बिघडलेल्या पेशींच्या वाढीला उत्तेजन देतं. कापोसी कोणत्याही सीडी४ संख्येला होऊ शकतो, पण ती रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेली की धोका खूप वाढतो.

आपल्याकडे एवढे एचआयव्हीबाधित असूनही कापोसी का दिसत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. भारतात एचएचव्ही-८ चं प्रमाणच कमी आहे. एड्सबरोबर कापोसी झालेल्या भारतीय रुग्णांच्या नोंदी नव्वदच्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आल्या आहेत, पण तुरळक. आपल्या बाधितांना जास्त मारतो तो टीबी.

डाग कसे असतात तेही सांगते. जांभळट, लालसर किंवा तपकिरी. सावळ्या कातडीवर अनेकदा जवळजवळ काळेच दिसतात. आधी सपाट, मग उंचवटे, मग गाठी. दुखत नाहीत, खाजत नाहीत, आणि म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. पाय, चेहरा, नाकाचा शेंडा, छाती-पाठ, आणि तोंडात वर टाळूला. पायाला सूज येऊ शकते. आतड्यात झाला तर रक्तस्राव, फुफ्फुसात झाला तर दम आणि खोकल्यातून रक्त.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. त्याबद्दल विचाराल तसं लिहीन.

सातारी_माणूस | सोमवार, रात्री ९:४८

डॉक, लेख सावकाश दोनदा वाचला. मार लागून पडलेला काळानिळा डाग आणि हा डाग यांतला फरक घरच्या माणसाने कसा ओळखावा? माझ्या आईला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तिच्या हातावर असे डाग सतत असतात. आता हे वाचून घाबरलो.

डॉ_मृणाल | सोमवार, रात्री १०:०५

घाबरू नका दादा. मार लागल्याचा डाग रंग बदलतो : निळा, मग हिरवट, मग पिवळसर, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असे डाग येणं नेहमीचं आहे. पण ते वाढत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा. कापोसीचा डाग जात नाही. महिना झाला तरी तिथेच असतो, किंवा शेजारी नवा उगवलेला असतो.

स्लाइडवाला | सोमवार, रात्री ११:२०

पॅथॉलॉजिस्ट म्हणून थोडी भर घालतो.

नुसत्या नजरेने निदान करू नये. आणि मी हे अनुभवी डोळ्यांबद्दलही म्हणतोय. बार्टोनेला नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या बॅसिलरी अँजिओमॅटोसिसच्या गाठी दिसायला हुबेहूब अशाच असतात, तीही सीडी४ घसरलेल्या माणसातच होते, आणि ती एरिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने बरी होते. एकीकडे केमोथेरपी, दुसरीकडे साधं अँटिबायोटिक. फरक बायोप्सीनेच कळतो. आपल्या भागात कुष्ठरोगाच्या गाठी, लायकेन प्लॅनस, रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी हेही सगळं यादीत असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली लांबुळक्या, चातीसारख्या पेशींच्या जुड्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये फटींसारख्या जागांत अडकलेल्या तांबड्या पेशी. सुरुवातीच्या डागात मात्र बदल इतके पुसट असतात की 'थोडी दाहक सूज' असं लिहून स्लाइड बाजूला पडू शकते. म्हणून वर मृणालताईंनी सांगितलेल्या 'लाना' प्रथिनासाठी खास रंगचाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली की शंका उरत नाही. पण ही चाचणी मागायची की नाही हे आम्ही कशावरून ठरवणार? बायोप्सीच्या फॉर्मवर 'एचआयव्हीबाधित' किंवा निदान 'कापोसीची शंका' एवढं लिहिलेलं असेल तर. कित्येक फॉर्मवर फक्त 'पायावर डाग' असतं. त्वचारोगवाल्या मंडळींना हात जोडून विनंती, फॉर्म पूर्ण भरा.

नाव_नको | मंगळवार, पहाटे १२:५५

नवीन खातं काढून लिहितोय. मला हा आजार होऊन गेलाय.

पहिला डाग घोट्यापाशी आला. दुकानात दिवसभर उभं राहणं असायचं, म्हणून वाटलं शिरा फुगल्या असतील. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मग मलम, मग दुसरं मलम, मग गोळ्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या हे नंतर कळलं. गोळ्या सुरू केल्यावर डाग नडगीपर्यंत आले आणि पाऊल सुजलं. चप्पल घालता येईना. वजन उतरलं होतं, पण धंद्याचं टेन्शन म्हणून सोडून दिलं. एवढ्या डॉक्टरांपैकी कुणीही एचआयव्हीची तपासणी करू या असं म्हणालं नाही. बायको-मुलं असलेला, घरंदाज दिसणारा माणूस, त्याला कसं विचारायचं म्हणून असेल.

शेवटी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत एका शिकाऊ डॉक्टर मुलीने तोंड उघडायला सांगितलं. पायाच्या डागासाठी तोंड कशाला, असं मनात आलं. टाळूला जांभळा चट्टा होता, मला पत्ताच नव्हता. तिने खुर्ची जवळ ओढली, दार लोटून घेतलं आणि सरळ सांगितलं की दोन तपासण्या करायच्यात, एक डागाचा तुकडा काढून आणि दुसरी एचआयव्हीची, आणि दोन्ही कशासाठी ते समजावलं. सीडी४ शंभरच्या खाली होता.

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर सुरुवातीला डाग वाढले. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की औषध उलटलं, बंद करा. मला मात्र गोळ्या देणाऱ्या सेंटरवर आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. मग सलाइनमधून केमो दिली. आज डागांच्या जागी फिकट तपकिरी खुणा आहेत. बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली, अजूनही निगेटिव्ह आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. नाव मात्र सांगणार नाही.

कांचनवेल | मंगळवार, सकाळी ७:३०

नाव_नको, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमची तब्येत अशीच राहो.

डॉ_मृणाल | मंगळवार, सकाळी ८:१५

दादा, तुमच्या प्रतिसादातल्या तीन गोष्टी सगळ्यांनी नीट वाचाव्यात असं मला वाटतं.

स्टेरॉइड. कापोसी असलेल्या माणसाला पोटातून स्टेरॉइड दिलं तर आजार भडकतो. आपल्याकडे मेडिकलवर कुणीही स्टेरॉइडचं मलम मागतं आणि ते मिळतं. निदान झालेलं नसताना कुठल्याही डागावर ते लावू नका. खरा आजार झाकला जातो.

तोंड. त्वचेच्या डागासाठी आलेल्या माणसाचं तोंड उघडून बघणं हा तपासणीचाच भाग आहे. त्या मुलीने ते केलं, तिचं मला कौतुक वाटतं.

आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू केल्यावर डाग वाढणं. याला आयरिस म्हणतात. सीडी४ परत वाढू लागतात, जागी झालेली प्रतिकारशक्ती एकदम तुटून पडते, आणि काही आठवडे डाग लाल होतात, सुजतात, नवे येतात. अशा वेळी एआरटी थांबवायची नाही. इतर आजारांमधल्या आयरिसला स्टेरॉइड देतात, कापोसीमध्ये ते टाळतात. गरज पडली तर केमो जोडतात. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

बाकी उपचारांचं : प्रत्येकाला एआरटी. डाग थोडे असतील तर कित्येकांचे केवळ त्या गोळ्यांनीच विरतात. आजार पसरलेला असेल, सूज असेल, फुफ्फुसात किंवा आतड्यात असेल तर लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल. एखादाच त्रासदायक डाग असेल तर थंड नायट्रोजन, रेडिएशन किंवा डागातच इंजेक्शन. २०२० मध्ये अमेरिकेत पोमॅलिडोमाइड या गोळीलाही या आजारासाठी मान्यता मिळाली. एक मात्र सांगायला हवं, एचएचव्ही-८ शरीरातून जात नाही. गोळ्या सोडल्या की आजार परतू शकतो.

कंपालातून_पुणेकर | मंगळवार, सकाळी ११:०२

मी औषधकंपनीत नोकरीला आहे, काही वर्षांपासून युगांडात. मृणाल मॅडमनी आफ्रिकेचा उल्लेख थोडक्यात केला, म्हणून लिहितो.

इथे हा आजार दुर्मीळ नाही. एचआयव्ही यायच्या आधीपासून होता. मुलागो टेकडीवरची कॅन्सर संस्था १९६७ ची आहे. तिची सुरुवात बर्किट लिम्फोमा या लहान मुलांच्या कॅन्सरपासून झाली आणि लगेचच कापोसीही त्यांच्या कामात आला. एड्सच्या लाटेनंतर तर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही देशांत, मलावीत वगैरे, पुरुषांमधला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच झाला. कारण एचएचव्ही-८ इथे लहानपणीच, बहुधा घरातल्यांच्या लाळेतून, अंगात येतो आणि भरपूर लोकांत असतो. त्यावर एचआयव्ही आला. दोन्ही एकाच माणसात भेटले.

बघायला फार कठीण जातं. पाय फुगून कातडी झाडाच्या सालीसारखी झालेली माणसं उशिरा, चालणं थांबल्यावर येतात. चेहऱ्यावर डाग असलेल्याला तर लपवायलाही जागा नसते, बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. बीपी किंवा शुगर कुणाला दिसत नाही. हे दिसतं.

चांगली गोष्टही सांगतो. युगांडा, केनिया, मलावी, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील अशा देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. पसरलेल्या कापोसीसाठी एआरटीच्या जोडीला कोणती केमो द्यावी असा प्रश्न होता. पॅक्लिटॅक्सेल बाकीच्या दोन जुन्या, स्वस्त पर्यायांपेक्षा सरस ठरलं. ज्या देशांत आजार जास्त, तिथल्याच रुग्णांवर आणि तिथल्याच दवाखान्यांत हे तपासलं गेलं, याचं मला मोल वाटतं.

मीरा_आपटे_नव्हे | मंगळवार, दुपारी १:४०

लाळेतून पसरतो हे वाचून एक प्रश्न. मग घरात एकाच ताटात जेवण, मुलांचे पापे घेणं, हे सगळं बंद करायचं का? आणि एचआयव्ही लाळेतून पसरत नाही असं तर शाळेपासून ऐकत आलोय.

डॉ_मृणाल | मंगळवार, दुपारी २:१०

हे दोन वेगळे विषाणू आहेत, त्यांची गल्लत व्हायला नको. एचआयव्ही लाळेतून, एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. एचएचव्ही-८ लाळेत असतो, पण भारतात तो मुळात थोड्यांमध्ये आहे, आणि झाला तरी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाला सहसा काहीही करत नाही. कापोसी झालेल्या माणसाचं ताट वेगळं करायचं काही कारण नाही. कृपा करून कुणीही करू नका.

वामनराव_गोडबोले_नाशिक | मंगळवार, दुपारी ४:३०

माझ्या माहितीप्रमाणे गुळवेल, आवळा, च्यवनप्राश यांनी प्रतिकारशक्ती वाढते. मग एचआयव्हीच्या रुग्णांनी ते घेतलं तर हा कॅन्सर टळणार नाही का? टीका नाही, खरंच विचारतोय.

समुपदेशक_विदर्भ | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

काका, मी एआरटी सेंटरला काउन्सेलर आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून कित्येकदा ऐकावा लागतो, म्हणून मीच उत्तर देते.

आवळा खायला हरकत नाही. पण एचआयव्हीत सीडी४ पेशी कमी होतात त्या कुपोषणामुळे नाही, विषाणू त्यांच्यात शिरून वाढतो आणि त्या मरतात म्हणून. विषाणूची वाढ थांबली तरच सीडी४ वर येतात, आणि ती थांबवणारं औषध एआरटी आहे. काढ्यावर विसंबून गोळ्या सोडलेले लोक मी पाहिलेत. ते परत येतात तेव्हा टीबी घेऊन येतात. दुसरी काही पूरक औषधं घेत असाल तर सेंटरवर सांगा. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यासुद्धा एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाबरोबर उपाशीपोटी एकाच वेळी घेतल्या तर त्याचं शोषण कमी होतं.

धाग्याच्या निमित्ताने आणखी लिहिते. सरकारी मोफत एआरटी आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात मुंबईच्या जेजे रुग्णालयातून झाली. तेव्हा सीडी४ खूप खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. २०१७ पासून नियम बदलला : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो, गोळ्या सुरू. आता बहुतेकांना टीएलडी म्हणजे दिवसाला एकच गोळी असते. मृणाल मॅडम ज्या आजाराबद्दल सांगतायत तो टाळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, सीडी४ घसरायच्या आधी गोळी सुरू करणं. अमेरिकेतही १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर कापोसीचे रुग्ण झपाट्याने कमी झाले. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला राहिला तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, हेही सिद्ध झालेलं आहे.

आणि बायकांसाठी. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. यामागेही एक विषाणूच असतो, एचपीव्ही. तिकडेही कारण तेच, त्याला आवरणारी प्रतिकारशक्ती कमी पडते. आपल्या राज्यात कापोसीपेक्षा हा कितीतरी जास्त बायकांचा प्रश्न आहे. गोळ्या न्यायला येणाऱ्या ताईंना मी दरवेळी विचारते, तपासणी झाली का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "पुढच्या खेपेला." ज्यांच्या घरात, ओळखीत कुणी असेल त्यांनी ही तपासणी करवून घ्या.

वामनराव_गोडबोले_नाशिक | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. समजलं.

निळावंती | मंगळवार, रात्री ९:३३

माझ्या मामांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. एचआयव्ही नाही, पण प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या जन्मभर आहेत. त्यांनाही हा धोका असतो का?

डॉ_मृणाल | मंगळवार, रात्री १०:००

असतो, पण आपल्याकडे फार थोडा. अवयव बदललेल्यांमध्ये होणारा कापोसी हा वेगळा प्रकारच मानतात. त्यातून एक फार मोलाची गोष्ट कळली. २००५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १५ किडनी ट्रान्सप्लांट रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांना कापोसी झाला होता. त्यांचं सायक्लोस्पोरिन बंद करून सिरोलिमस सुरू केलं. हे औषधही किडनी शरीराने नाकारू नये म्हणूनच देतात, पण ते गाठीची वाढही रोखतं. तीन महिन्यांत पंधराही जणांच्या त्वचेवरचे डाग गेले, आणि किडन्या शाबूत राहिल्या.

मामांनी मात्र स्वतःहून कोणतीही गोळी बदलू नये. त्वचेवर नवीन काही दिसलं तर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच.

अभ्यंकर_सॅनहोजे | बुधवार, सकाळी ६:४५

मी कॅलिफोर्नियात असतो. इथल्या इतिहासातलं एक नाव या धाग्यावर यायला हवं असं वाटलं. बॉबी कॅम्पबेल. सॅन फ्रान्सिस्कोत नर्स होता. ऑक्टोबर १९८१ मध्ये त्याला कापोसीचं निदान झालं. तेव्हा एड्सला धड नावसुद्धा नव्हतं. त्याने आपल्या पायांवरच्या डागांचे फोटो काढून कॅस्ट्रो वस्तीतल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावले, कुणाला असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा म्हणून. स्वतःच्या नावानिशी वर्तमानपत्रात लिहीत राहिला. १९८३ मध्ये डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनी एकत्र येऊन एक जाहीरनामा काढला : आम्हाला 'बळी' म्हणू नका, आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला वगळून घेऊ नका. त्यातही तो होता. १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेला, वय बत्तीस. खरोखर परिणामकारक उपचार यायला अजून बारा वर्षं होती.

नाव_नको यांनी काल जे लिहिलं ते वाचताना मला तो आठवला.

नाव_नको | बुधवार, सकाळी ९:१०

त्या काळात काचेवर फोटो लावायला केवढं धैर्य लागलं असेल. माझ्याच्याने अजून सख्ख्या भावाला सांगणं झालेलं नाही.

समुपदेशक_विदर्भ | बुधवार, सकाळी ९:४०

दादा, सांगायलाच हवं असं काही नाही. कुणाला, कधी सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची स्थिती तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि तपासणीसुद्धा संमतीशिवाय करता येत नाही. नोकरी, उपचार, शिक्षण यांत भेदभाव करायलाही मनाई आहे. तुम्हाला भावाला सांगावंसं वाटलं आणि एकट्याने जमत नसेल, तर त्यांना सेंटरवर घेऊन या. काउन्सेलरच्या समोर बोलणं कित्येकांना सोपं जातं.

विचारू_का | बुधवार, दुपारी १२:२५

हा धागा वाचूनच खातं उघडलंय. वय ३४. मांडीवर आणि पोटरीवर असे काळपट जांभळे डाग आहेत, बऱ्याच दिवसांपासून. दुखत नाहीत. मागे काही वर्षांपूर्वी असं वागणं झालंय की भीती वाटावी. गाव लहान आहे, लॅबवाला ओळखीचा आहे. कुठे जायचं? खर्च किती येईल? फोटो इथे टाकू का?

डॉ_मृणाल | बुधवार, दुपारी १२:५०

फोटो इथे टाकू नका. फोटोवरून मी काही सांगणारही नाही, ते योग्य होणार नाही. असे डाग बऱ्याच कारणांनी येतात आणि त्यातली बहुतेक साधी असतात. पण बरेच दिवस टिकलेत, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवेत. मेडिकल कॉलेज जवळ असेल तर तिथल्या स्किन ओपीडीत जा, बायोप्सी तिथेच होते. तोपर्यंत कुठलंही मलम लावू नका. तोंडाला आरशात बघून घ्या, टाळूला काही दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा.

समुपदेशक_विदर्भ | बुधवार, दुपारी १:१५

एचआयव्हीच्या तपासणीचं मी सांगते. गावातल्या लॅबमध्ये जायची गरज नाही. कुठल्याही सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, असतं, शेजारच्या जिल्ह्यातलं निवडलंत तरी चालतं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आधी काउन्सेलर तुमच्याशी एकट्याशी बोलतो, मग रक्त घेतात, आणि रिपोर्टही तोच समजावून सांगतो. जवळचं केंद्र कुठे आहे हे १०९७ वर विचारा, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डागांच्या उपचाराला पुढे खर्च निघालाच तर योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा, कॅन्सरचे बरेच उपचार तिच्यात येतात.

आणि एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून डाग दाखवायचं सोडू नका. दोन्ही कामं वेगळी आहेत, दोन्ही पूर्ण करा.

विचारू_का | बुधवार, दुपारी १:३२

शुक्रवारी सुट्टी आहे. शेजारच्या जिल्ह्यात जातोय.